मागच्या भिंतीखालचा पाया बदलला, त्याचा अनुभव

राजापूरकडच्या आमच्या जुन्या घराची मागची भिंत खचत होती. माजघराच्या दारापासून तिरकी भेग वर गेलेली, तिच्यात बोट सहज जायचं. कारण पागोळ्या. वर्षानुवर्षं पाणी जोत्याच्या बुडाशी पडून पायातल्या चिऱ्यांमधली माती वाहून गेली होती.

फेब्रुवारीत काम काढलं. गवंडीकाकांनी आधी तुळयांना टेकू दिले. "सगळी भिंत एकदम उकरायची नाही, घर अंगावर येईल," ते म्हणाले. म्हणून तीन-तीन फुटांचे टप्पे, तेही एक आड एक. घट्ट जमीन लागेपर्यंत खणलं, तळाला काँक्रीट, वर सिमेंटात नवे चिरे.

खरी मेख शेवटच्या फटीत आहे. जुन्या भिंतीखाली इंच-दीड इंच जागा उरते. तिथे सिमेंट-वाळूचा जेमतेम ओलसर मसाला ठोकून ठोकून भरायचा. मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये. पातळ मसाला आक्रसतो आणि भिंत पुन्हा बसते. आठवडाभर पाणी मारल्यावरच शेजारचा टप्पा खणला.

शेवटी पागोळीखाली उताराचं गटार बांधलं. भिंत हलली तर कळावं म्हणून भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ठेवली होती. दोन पावसाळे झाले, ती तडकलेली नाही.