दुकान आणि गोदामासाठी सीसीटीव्ही: कोटेशन मागवण्याआधीची तयारी

आधी एका कागदावर दुकानाचा नकाशा काढा. मापात नसला तरी चालेल, पण दारे, गल्ला, मागचे गोदाम, माल उतरवायची जागा आणि मीटर-बोर्ड त्यावर हवेत. मग प्रत्येक जागेपुढे लिहा, इथे नेमके काय दिसायला हवे? दारात अनोळखी माणसाचा चेहरा, गल्ल्यावर नोट पाचशेची की शंभराची, गोदामातून किती गठ्ठे कधी गेले. हे ठरलेले नसले की ‘आठ कॅमेऱ्यांचा सेट’ गळ्यात पडतो आणि आठही कॅमेरे छतावरून लोकांची टाळकी दाखवत बसतात.

आता लेन्स. खरी फसगत इथेच होते. अनोळखी माणूस नक्की ओळखू यायला चित्रात दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल लागतात, ओळखीचा नोकर ओळखायला १२५ पुरतात आणि कोणीतरी आले एवढेच कळायला २५. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा आडवे १९२० पिक्सेल देतो. म्हणजे पावणेआठ मीटरपेक्षा रुंद जागा एका चित्रात घेतली की अनोळखी चेहऱ्याची खात्री संपली. २.८ मिमी लेन्समध्ये ही हद्द कॅमेऱ्यापासून साधारण तीन मीटर अंतरावर येते, ४ मिमीत साडेचार मीटरवर, ६ मिमीत साडेसातवर. फिटिंगवाले सरसकट २.८ सुचवतात, कारण मोबाइलवर ‘सगळं दुकान दिसतं’. दिसते खरे, पण चोराचा चेहरा मोठा करून पाहिला की हाती ठिपके येतात. दारासाठी आणि गल्ल्यासाठी ४ किंवा ६ मिमी मागा, २.८ मोकळ्या जागेला ठेवा. दाराचा कॅमेरा सव्वादोन ते अडीच मीटर उंचीवर हवा. त्याहून वर गेला की टोपी आणि केसच येतात.

शटर उघडे असताना आत येणाऱ्याच्या पाठीमागे ऊन असते आणि चेहरा काळा पडतो. त्या एका जागेसाठी तरी खरा डब्ल्यूडीआर (ऊन आणि सावली दोन्ही एकाच चित्रात नीट दाखवण्याची सोय), १२० डेसिबलचा, लिहून घ्या. नुसता ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ चालणार नाही. काचेआडून बाहेर बघणारा कॅमेरा लावू नका. रात्री त्याचाच इन्फ्रारेड (अंधारात बघण्यासाठीचा, डोळ्यांना न दिसणारा) उजेड काचेवरून उलटा येऊन चित्र पांढरे होते.

नवीन काम असेल तर आयपी कॅमेरे (नेटवर्क केबलवर चालणारे) आणि पीओई स्विच (त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही देणारा) घ्या. जुनी कोअॅक्स वायर (केबल टीव्हीची असते तशी) चांगली असेल तर तिच्यावर चालणारे एचडी अॅनालॉग कॅमेरे आणि डीव्हीआर (त्यांचा रेकॉर्डर) स्वस्त पडतात, त्यात कमीपणा नाही. आयपीला एका सलग कॅट-६ केबलची मर्यादा १०० मीटर. केबल शुद्ध तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या केबलमध्ये लांब अंतरावर व्होल्टेज पडते, आणि रात्री इन्फ्रारेड लागला की कॅमेरा बंद-चालू होत राहतो. बाहेरच्या कॅमेऱ्याची वायर आधी खाली झोका देऊन मग वर न्या, नाहीतर पावसाचे पाणी वायरीवरून थेट जोडात उतरते.

डिस्कचा हिशेब स्वतः करा. एक एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट) म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीवर चार मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला १५ फ्रेमला दोन ते चार एमबीपीएस घेतो. आठ कॅमेरे दोनच्या दराने ३० दिवस ठेवायचे तर सुमारे ५.२ टीबी, चारच्या दराने १०.४. सहा टीबीची डिस्क रेकॉर्डरवर साडेपाचच्या आत दिसते, म्हणून काठावर राहू नका. डिस्क सर्व्हिलन्सचीच (सीसीटीव्हीसाठी बनवलेली) घ्या. साधी डेस्कटॉपची डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी केलेली नसते.

आठ कॅमेरे, स्विच, रेकॉर्डर आणि राउटर मिळून शंभर वॉटच्या आत भार धरा. कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस थोडाच वेळ तग धरतो. भारनियमनाच्या गावात हे सगळे इन्व्हर्टरवरच टाका. रेकॉर्डर गल्ल्याखाली उघडा ठेवू नका, चोर जाताना तोही नेतो. हवा खेळणाऱ्या कुलूपबंद पेटीत, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवा.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेचे आवश्यक निकष अधिसूचित केले. मॉडेल क्रमांक एसटीक्यूसी या सरकारी चाचणी संस्थेच्या प्रमाणित यादीत आहे का, हे कोटेशनवरचा क्रमांक घेऊन तपासा. कंपनीकडून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून थेट आत यायची वाट) उघडू देऊ नका. २०१६ चे मिराई बॉटनेट (हॅक केलेल्या उपकरणांचे जाळे) अशाच न बदललेल्या पासवर्डांवर पसरले होते. ट्रायल रूमकडे किंवा स्वच्छतागृहाकडे कॅमेऱ्याचे तोंड अजिबात नको. तसे चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा ठरू शकते.

शेवटचा हप्ता चाचणीनंतरच द्या. रात्री दिवे बंद करून दारातून माणूस चालवा आणि त्याचा चेहरा लाइव्हवर न बघता प्लेबॅकमध्ये बघा. रेकॉर्डरचे घड्याळ इंटरनेटवरून जुळते का, तेही पाहा. फुटेज पुरावा म्हणून द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, आणि वीस मिनिटे मागे असलेले घड्याळ वकिलाला आयता मुद्दा देते. मग दहा मिनिटांची क्लिप पेनड्राइव्हवर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवा. काही रेकॉर्डर स्वतःच्याच फॉरमॅटमध्ये फाइल देतात, आणि सोबत त्यांचा प्लेअर कॉपी केला नसेल तर ती उघडतच नाही.