फळझाडांची कलमे बांधणे आणि डोळे भरणे

आंब्याची कोय किंवा सफरचंदाचे बी पेरले तर उगवणारे झाड बहुतेक वेळा मूळ झाडासारखी फळे देत नाही, कारण परागीकरणात दोन झाडांचे गुण एकत्र आलेले असतात. हवी ती जात जशीच्या तशी मिळवायची असेल, तर त्या झाडाची काडी किंवा एखादा डोळा, म्हणजे पानाच्या देठाजवळची फुटणारी कळी, दुसऱ्या रोपावर जोडावा लागतो. मुळे पुरवणाऱ्या रोपाला खुंट म्हणतात. दोन्ही झाडे जवळच्या कुळातील असावीत. सफरचंद सफरचंदाच्या खुंटावर आणि संत्रे लिंबूवर्गीय खुंटावर चांगले जुळते.

जोड साधतो तो साल आणि लाकूड यांच्यामधल्या अतिशय पातळ, ओलसर अशा वाढीच्या थरामुळे. खुंटाचा आणि काडीचा हा थर एकमेकांना चिकटून राहिला आणि सुकला नाही, तरच नव्या पेशी दोन्ही बाजूंनी येऊन जखम भरतात. म्हणून काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मधोमध बसवू नये. एका बाजूची साल तरी सालीशी काटेकोरपणे जुळवावी. नवशिक्यांची कलमे मरतात ती बहुतेक याच चुकीमुळे, आणि मला ते फार वाईट वाटते, कारण चांगल्या झाडाची काडी त्यात वाया जाते.

काडी निरोगी आणि काही वर्षे खात्रीने फळे देणाऱ्या झाडावरूनच घ्यावी. झाडातील विषाणू काडीबरोबर नव्या रोपात जातात आणि पुढे कोणत्याही औषधाने निघत नाहीत. आंब्यासाठी पेन्सिलीएवढी जाड काडी निवडून, कापण्याच्या आठ-दहा दिवस आधी तिच्या पानांची पाती कापून देठ तेवढे ठेवले, तर शेंड्याचा डोळा फुगतो आणि कलम लवकर फुटते. कापलेली काडी ओल्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवावी.

पाचर कलम करताना खुंटाचा शेंडा छाटून मधोमध चार-पाच सेंटीमीटर खोल चीर द्यावी. काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचे तिरके काप घेऊन पाचर तयार करावी. चाकू धारदार आणि स्पिरिटने पुसलेला असावा, आणि काप एकाच ओढीत घ्यावा, कारण पुन्हापुन्हा तासल्याने पृष्ठभाग वेडावाकडा होतो व मध्ये हवा राहते. पाचर चिरेत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळावे आणि काडीवर प्लॅस्टिकची छोटी पिशवी घालून रोप सावलीत ठेवावे. कोंब दिसताच पिशवी काढावी. पट्टी मात्र जोड पक्का झाल्यावरच सोडावी, पण ती सालीत रुतेपर्यंत ठेवू नये.

संत्रे, मोसंबी यांना डोळा भरणे सोयीचे पडते, कारण एका काडीतून अनेक रोपे होतात. झाडात रस फिरत असून साल सहज सुटते, त्याच काळात हे काम करावे आणि खुंटाला एक-दोन दिवस आधी भरपूर पाणी द्यावे. जमिनीपासून सुमारे वीस सेंटीमीटरवर सालीलाच इंग्रजी टी अक्षरासारखा छेद द्यावा, लाकडात चाकू उतरू देऊ नये. काडीवरून ढालीच्या आकाराची साल डोळ्यासकट काढून, डोळ्याजवळच्या पानाच्या देठाला धरून ती छेदात वरून खाली सरकवावी आणि डोळा उघडा ठेवून पट्टी बांधावी. दोन-तीन आठवड्यांनी देठाला बोट लावताच तो गळून पडला आणि डोळा हिरवा असला, तर डोळा लागला असे समजावे; देठ वाळून चिकटून राहिला असेल तर खुंटाच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा भरता येतो. डोळा लागल्यावर त्याच्या वरचा खुंट छाटावा.

लागवड करताना जोड मातीच्या वर राहील याची काळजी घ्यावी आणि जोडाखालून येणारे फुटवे कोवळे असतानाच खुडावेत, नाहीतर खुंटच जोमाने वाढून कलमाला दाबतो. तीन पर्णिकांच्या, म्हणजे एका पानात तीन छोटी पाने असणाऱ्या, संत्र्याचा खुंट असेल, तर असे फुटवे पानांवरूनच ओळखू येतात.