गाभाऱ्यातलं ऊन: जुन्या वास्तूची सूर्यदिशा कशी तपासावी

लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेचे एड क्रप १९७४ साली संचालक झाले. पुढे अनेक दशकं त्यांनी दोन कामं जोडीनं केली. प्राचीन लोकांनी आकाश कसं पाहिलं आणि ते दगडात कसं बांधलं हे सामान्य माणसाला समजावलं, आणि त्याविषयीचे पोकळ दावे खोडून काढले. गिझाचे तीन पिरॅमिड म्हणजे मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे, हा दावा १९९०च्या दशकात गाजला. तेव्हा क्रप यांनी साधीच गोष्ट दाखवली: जुळणी साधायची तर नकाशा किंवा आकाश यांपैकी एक उलटं धरावं लागतं. 'अमुक दिवशी सूर्यकिरणं मूर्तीवर पडतात' असं आपल्याकडेही अनेक देवळांबद्दल सांगतात. ते पडताळून मग लोकांना दाखवायचं असेल, तर त्याची रीत अशी.

आधी खरी उत्तर

होकायंत्रावर, विशेषतः मोबाइलमधल्या, विसंबू नका. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर (काटा दाखवतो ती) आणि खरी उत्तर (पृथ्वीच्या ध्रुवाची) यांतला फरक एका अंशाच्या आत असतो (लॉस एंजेलिसला तो ११ अंशांच्या वर आहे), त्यामुळे आपल्याला वाटतं की काम भागलं. पण आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, स्वतःच चुंबकीय असतो. त्यात लोखंडी दारं, कठडे, सळया. एकाच अंगणात दोन कोपऱ्यांत काटा वेगळी दिशा दाखवू शकतो.

त्यापेक्षा शंकू, म्हणजे सरळ उभी काठी, वापरा. ही रीत कात्यायन शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथात, आहे आणि अजून तितकीच चोख आहे. सपाट फळीवर पांढरा कागद चिकटवा, पाणसळ लावून फळी समतल करा. मधोमध ३० सेंमी उंचीची काठी उभी करा आणि ती दोन बाजूंनी ओळंब्यानं तपासा. काठीच्या बुडाभोवती ४० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरेल तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर पडेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, तिच्यावर काटकोनात उत्तर-दक्षिण.

चूक बहुधा टोकाशी होते. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे टोक धूसर पडतं. काठीच्या माथ्यावर ४ मिमी भोकाचा पुठ्ठा बसवा आणि सावलीऐवजी उजेडाच्या ठिपक्याचा मध्य धरा. मग ओळंबा भोकातून सोडा आणि तो टेकेल तो बिंदू वर्तुळाचा मध्य माना. फळी दिवसभरात हलली तर सगळं पुन्हा.

दुपारच्या सावलीनं पडताळा घेता येतो, मात्र घड्याळाच्या १२ला नाही. १ फेब्रुवारीला कोल्हापुरात सूर्य याम्योत्तरावर (डोक्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो तो १२ वाजून ४७ मिनिटांच्या सुमारास. १० नोव्हेंबरला साधारण १२:१७ला. मे महिन्यात हा खटाटोप करू नका. सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली तोकडी पडते.

वास्तूचा अक्ष

भिंत मोजू नका. जुन्या भिंती क्वचितच सरळ असतात. मूर्तीच्या पीठाच्या मध्यापासून उंबऱ्याच्या मध्यावरून बाहेर अंगणात सुतळी ताणा. ती जिथे तुमच्या पूर्व-पश्चिम रेषेला छेदते तिथून त्या रेषेवर ३ मीटर जा आणि काटकोनात सुतळीपर्यंतचं अंतर मोजा. ९७ सेंमी आलं तर कोनाचा टॅन ९७ ÷ ३००, म्हणजे कोन १८ अंश. या टप्प्याला एका सेंटीमीटरची चूक म्हणजे साधारण दोन दशांश अंश, तेव्हा तीनदा मोजून सरासरी घ्या.

दाराची रुंदी आणि दारापासून मूर्तीपर्यंतचं अंतरही टिपा. दार १ मीटर आणि मूर्ती २० मीटर आत असेल, तर मूर्तीवरून बाहेरचा जवळपास ३ अंशांचा पट्टा दिसतो. म्हणजे ऊन एक दिवस नाही, आठ-दहा दिवस आत येणार. 'फक्त एकाच दिवशी' असं कुणी सांगितलं की आधी दार मोजा.

गणित

सपाट क्षितिजावर सूर्याचा दिगंश, म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेला कोन, काढायला एकच सूत्र पुरतं: दिगंशाचा कॉस = क्रांतीचा साइन ÷ अक्षांशाचा कॉस. उगवतीचा दिगंश थेट मिळतो, मावळतीसाठी तो ३६०मधून वजा करा. त्या दिवसाची क्रांती, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला (अधिक) किंवा दक्षिणेला (उणे) आहे तो आकडा, पंचांगात किंवा कोणत्याही आकाशदर्शक ॲपमध्ये सापडते.

कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोचतात तो सोहळा, घ्या. अक्षांश १६.७, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या काळात क्रांती उणे १७ अंशांच्या आसपास. दिगंश येतो २५२ अंश, म्हणजे मावळता सूर्य पश्चिमेच्या १८ अंश दक्षिणेला. दोन तारखा का, हेही यातून कळतं. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबर (सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो तो अयनदिन) ४१ दिवसांवर, आणि तिथून १ फेब्रुवारी ४२ दिवसांवर. सूर्य दक्षिणेला जाताना ज्या जागी मावळला, परतताना त्याच जागी मावळतो.

किरण आत येताना सूर्य नेमका क्षितिजावर नसतो. त्याची किंवा समोरच्या डोंगराची उंची दर अंशाला दिगंश आपल्याकडे साधारण ०.३ अंश दक्षिणेकडे ढकलते. आयर्लंडच्या न्यूग्रेंज या प्राचीन दगडी थडग्याला, ५३.७ अक्षांशावर, मकर अयनाच्या सूर्योदयासाठी हाच आकडा १.८ अंशांच्या वर जातो. तिथे टेकडीची उंची न मोजता काढलेला निष्कर्ष फुकट.

वास्तूचं वयही पाहा. न्यूग्रेंज इ.स.पू. ३२००च्या सुमाराचं. तेव्हा पृथ्वीच्या आसाचा कल आजच्यापेक्षा सुमारे अर्ध्या अंशानं जास्त होता, त्यामुळे तिथला अयनदिनाचा सूर्योदय तेव्हापासून एका अंशाहून थोडा जास्त सरकला आहे. हजारेक वर्षांच्या देवळाला सूर्यासाठी ही दुरुस्ती नगण्य. ताऱ्यांचे दावे असतील तर मात्र परांचन गति (पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा संथ फिरल्यानं ताऱ्यांच्या जागा सरकणं) धरावीच लागते, ७२ वर्षांना एक अंश.

खरी गोम

कोल्हापूरच्या अक्षांशावर सूर्य वर्षभरात पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या दोन्ही अंगांना २४.५ अंश फिरतो. या पट्ट्यात तोंड असलेल्या कुठल्याही देवळात, समोर अडथळा नसेल तर, वर्षातून दोनदा ऊन सरळ आत शिरणारच. त्यासाठी स्थपतीला खगोल यायची गरज नाही. पूर्वाभिमुख देवळात विषुवदिनाच्या (दिवस-रात्र समान असतात त्या दिवसाच्या) आसपास किरणं येणं हा पुरावा नाही, तो परिणाम आहे.

हेतू होता असं म्हणायला आणखी काही लागतं: शिलालेख, त्याच तारखेचा जुना उत्सव, त्याच काळच्या इतर देवळांत तोच कोन, किंवा केवळ उजेडासाठी केलेला बांधकामातला खटाटोप. न्यूग्रेंजला दाराच्या वर वेगळी फट ठेवली आहे. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओकेली यांनी डिसेंबर १९६७मध्ये तिच्यातून आलेला किरण आतल्या दालनात पोचताना पाहिला. इजिप्तमधल्या अबू सिंबल या रामसेस राजाच्या देवळाच्या २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर या तारखा रामसेसचा जन्मदिवस आणि राज्याभिषेक म्हणून सांगतात. पण एक तारीख ठरवली की दुसरी आपोआप येते, त्यामुळे दोन्ही मुद्दाम निवडल्या हे पटण्यासारखं नाही. शिवाय धरणामुळे १९६०च्या दशकात देऊळ उचलून वर बसवलंय.

प्रत्यक्ष निरीक्षण आणि लोक

तारखेच्या पाच दिवस आधीपासून रोज जा. दर दोन मिनिटांनी एकाच जागेवरून फोटो घ्या, वेळ लिहा, उजेडाची कड कुठे आहे ते नोंदवा. गाभाऱ्यात फोटोला बंदी असेल तर उंबऱ्याबाहेर जमिनीवर खडूनं कड आखा, त्याचीही परवानगी आधी घ्या. नोव्हेंबरात धुकं, फेब्रुवारीत धूळ, आणि वाटेत उभी राहिलेली नवी घरं: दिशा बरोबर असूनही किरण पोचत नाहीत. अडथळ्याची जागा आणि उंची नोंदीत हवीच. दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे पाहू नका, मावळतीचा असला तरी.

अयनदिनाच्या कार्यक्रमाला तारखेची ओढाताण नको. अयनाच्या अलीकडे-पलीकडे पाच दिवसांत क्रांती ०.१ अंशही हलत नाही, तेव्हा लोकांना सोयीच्या रविवारी बोलवा. विषुवदिनाला हे चालत नाही, सूर्य रोज ०.४ अंश सरकतो. ऊन आत यायच्या अर्धा तास आधी शंकूची रेषा आणि सुतळी दाखवा, नंतर कुणी थांबत नाही. मोजलेला कोन, काढलेली तारीख आणि पाहिलेली तारीख फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. हेतूबद्दल विचारलं तर जेवढा पुरावा हाती असेल तेवढंच सांगा. ढग आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या म्हणावं; किरण बहुतेक वेळा तेव्हाही येतो.