मीडिया सर्व्हर घ्यायचाय? आधी टीव्ही तपासा

मीडिया सर्व्हर म्हणजे घरातले सगळे व्हिडिओ एका जागी ठेवून प्रत्येक पडद्याला पुरवणारं यंत्र. घरात एकच टीव्ही असेल आणि सगळे त्याच्यासमोरच बसत असतील, तर सर्व्हरच्या भानगडीत पडू नका. हार्ड डिस्क टीव्हीच्या यूएसबीत लावा, झालं. सर्व्हर लागतो तो हॉलमधला टीव्ही, आतल्या खोलीतला टीव्ही, मुलीचा टॅब आणि आजोबांचा फोन या सगळ्यांना एकाच साठ्यातलं हवं ते, हवं तेव्हा बघायचं असतं म्हणून. कोण कुठवर बघून थांबलं हेही तो लक्षात ठेवतो. लग्नाच्या डीव्हीडी, कॅसेटवरून उतरवून घेतलेली मुंज, नाटकांच्या व्हीसीडी, फोनवर साठलेले व्हिडिओ असा ऐवज बहुतेक घरांत असतोच.

पण खरेदीची सुरुवात लोक भलत्याच टोकाकडून करतात. प्रोसेसर केवढा, रॅम किती, हे प्रश्न नंतरचे. सर्व्हरला किती राबावं लागणार हे ठरवतो तुमचा टीव्ही.

पायरी १: टीव्हीला काय चालतं ते बघा

तुमच्या साठ्यातल्या चार वेगवेगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्या. एक जुन्या डीव्हीडीवरून उतरवलेली, एक साधी एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची नेहमीची पद्धत), एक एच.२६५ (तिच्याहून नवी पद्धत, हिलाच एचईव्हीसी म्हणतात) आणि एक फोनवर काढलेली ४केची. टीव्हीला लावून बघा. चित्र येतं का? आवाज येतो का? सबटायटल दिसतात का? जे अडतं ते लिहून ठेवा.

टीव्हीला फाइल आहे तशी चालत असेल, तर सर्व्हर ती नुसती पुढे सरकवतो. याला डायरेक्ट प्ले म्हणतात आणि त्याला दहा वर्षांपूर्वीचं यंत्रही पुरतं. टीव्हीला चालत नसेल, तर सर्व्हरला तीच फाइल चालत्या गाडीत दुसऱ्या स्वरूपात बदलून द्यावी लागते. हे ट्रान्सकोडिंग. सगळा घाम इथे निघतो. फक्त आवाज बदलायचा असेल (डीटीएस आवाज बऱ्याच टीव्हींना चालत नाही) तर काम किरकोळ असतं. चित्र बदलायचं असेल तर मोठं.

एक गंमत सांगतो, कारण यात भलेभले फसतात. ब्लू-रेवरून आलेली सबटायटल ही अक्षरं नसून चित्रं असतात. टीव्हीवरच्या ॲपला ती दाखवता आली नाहीत, तर सर्व्हर ती व्हिडिओवर छापून देतो, म्हणजे अख्खा व्हिडिओ नव्याने तयार करतो. काल सुरळीत चाललेला सिनेमा आज अडखळतोय अशी तक्रार आली, की आधी विचारायचं, सबटायटल कोणी चालू केली? शक्य तिथे साध्या मजकुराची एसआरटी फाइल ठेवा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

या चाचणीत जुना टीव्ही बऱ्याच ठिकाणी नापास झाला, तर मोठा सर्व्हर घेण्याआधी टीव्हीला एक चांगली ४के स्ट्रीमिंग स्टिक लावण्याचा विचार करा. सर्व्हरवर घातलेल्या जादा पैशापेक्षा ती स्वस्त पडते आणि वीजही वाचते.

पायरी २: यंत्र निवडा

हे यंत्र चोवीस तास चालू राहणार, म्हणून आधी वीज बघा. दहा वॉटचं यंत्र महिन्याला साधारण ७ युनिट खातं. साठ वॉटचा जुना डेस्कटॉप ४३. महावितरणच्या घरगुती दरात शंभराच्या वरच्या युनिटला चढा भाव लागतो, त्यामुळे ‘जुना पीसी फुकट आहे की’ हे गणित वर्षभरात फिरतं.

ट्रान्सकोडिंगसाठी महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत ग्राफिक्सबरोबर क्विक सिंक नावाची सोय असते, तिचं कामच हे. २०११च्या सुमारास ती आली, पण एचईव्हीसीसाठी किमान सहावी पिढी हवी आणि हल्लीच्या १०-बिट (रंगांच्या जास्त छटांच्या) एचईव्हीसीसाठी सातवी. एव्ही१ ही त्याहून नवी पद्धत; ती उलगडणं (डीकोड करणं) जमतं ते अकराव्या पिढीपासून पुढे. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर मात्र घेऊ नका, त्यात ग्राफिक्सच नसतं.

नवीन घ्यायचं तर एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी माझ्या मते घरासाठी पुरून उरतो. २०२३मध्ये आलेला हा चार कोअरचा प्रोसेसर सहा वॉटच्या वर्गातला आहे आणि एव्ही१सुद्धा उलगडतो. आठ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी बास.

स्वस्तात हवं तर ऑफिसांतून निघालेले छोटे डबे घ्या: डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन ‘रिफर्बिश्ड’ म्हणून मिळतात. दुकानदार ‘आय५ आहे साहेब’ एवढंच सांगतो. त्यावर थांबू नका. चौथ्या पिढीचाही आय५च आणि आठव्या पिढीचाही आय५च; पहिला एचईव्हीसीत गुडघे टेकतो. यंत्र चालू करायला लावा आणि पूर्ण नंबर वाचा. आय५-८५००टी दिसलं तर बिनधास्त घ्या. शेवटचा ‘टी’ म्हणजे कमी विजेचा, ३५ वॉटच्या वर्गातला.

रास्पबेरी पाय ५ लोकप्रिय आहे, पण त्यात व्हिडिओ एन्कोड करायचं (नव्या स्वरूपात तयार करायचं) हार्डवेअर नाही. सगळं डायरेक्ट प्ले होणार असेल तरच तो. नॅसचा (नेटवर्कवर फाइली साठवायचा) तयार डबा घेतानाही प्रोसेसर बघा. सिनॉलॉजीच्या डीएस९२३+ सारख्या चार डिस्कांच्या डब्यात रायझन आर१६०० आहे आणि त्यात ग्राफिक्स नाही. फाइली ठेवायला उत्तम, ट्रान्सकोडिंगला नाही.

घरातला जुना लॅपटॉपही चालतो. लाइट गेली तरी तो बंद पडत नाही, हा मोठा फायदा. पण कायम चार्जरवर राहून बॅटरी फुगते. चार्जिंगला मर्यादा घालायची सोय असेल तर साठ-ऐंशी टक्क्यांवर लावा. आधीच फुगली असेल तर लॅपटॉप वापरूच नका, सेवा केंद्रातून ती काढून घ्या.

पायरी ३: डिस्क

मिनीडीव्ही कॅसेटचा एक तास मूळ स्वरूपात १३ जीबीच्या आसपास जातो. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबी, ब्लू-रे २५ किंवा ५० जीबी. स्वतःकडचा साठा मोजा आणि त्याच्या दुप्पट जागा घ्या. ४ टीबीची डिस्क विंडोज ३.६३ दाखवतं, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका. मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

डिस्कवर सीएमआर आणि एसएमआर असा लिहिण्याच्या पद्धतीचा भेद असतो; एसएमआरमध्ये पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहितात, त्यामुळे पुन्हा लिहायला ती मंद पडते. २०२०मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या काही रेड डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या म्हणून बराच गदारोळ झाला. नंतर कंपनीने सीएमआरवाल्या डिस्कना रेड प्लस हे नाव दिलं. रेड (आरएआयडी, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणं; वरच्या ‘रेड’ डिस्कच्या नावाशी याचा संबंध नाही) किंवा झेडएफएस (अनेक डिस्क सांभाळणारी फाइल सिस्टिम) करणार असाल तर सीएमआरच घ्या. एकदा लिहून शंभरदा वाचायचा साठा साध्या एकट्या डिस्कवर असेल, तर एसएमआरने काही बिघडत नाही.

आरएआयडी म्हणजे बॅकअप नव्हे. त्यात एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. त्यापेक्षा दुसरी डिस्क घ्या, महिन्यातून एकदा जोडून कॉपी करा आणि कपाटात ठेवा. सिनेमांची कॉपी नसली तरी चालेल. घरच्या व्हिडिओंची हवीच, आणि त्यातली एक बहिणीकडे किंवा गावच्या घरी.

पायरी ४: सॉफ्टवेअर

खरी निवड जेलीफिन आणि प्लेक्स यांच्यात आहे. तिसरं एम्बी. ते बंदिस्त झाल्यावर, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला राहिला नाही तेव्हा, त्याच्याच कोडमधून डिसेंबर २०१८मध्ये जेलीफिन निघालं. जेलीफिन पूर्ण मोफत आहे, खातं तुमच्याच घरात राहतं, हार्डवेअर ट्रान्सकोडिंगलाही पैसे पडत नाहीत. प्लेक्सची ॲप जवळजवळ प्रत्येक टीव्हीवर सापडतात आणि घरातल्या मंडळींना ती लवकर जमतात. पण कंपनीचं ऑनलाइन खातं लागतं, हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला पैसे भरून घ्यायचा प्लेक्स पास लागतो आणि एप्रिल २०२५च्या अखेरीपासून घराबाहेरून आपला व्हिडिओ बघायलाही पैसे मोजावे लागतात.

माझा कौल जेलीफिनला. फक्त तुमच्या टीव्हीच्या ॲप स्टोअरमध्ये ते आहे का हे आधी बघा. अँड्रॉइड टीव्ही, फायर टीव्ही आणि एलजीच्या वेबओएसवर मिळतं.

खाली ऑपरेटिंग सिस्टिम कोणती? तुम्हाला विंडोजच येत असेल तर विंडोज ठेवा, फक्त स्लीप बंद करा. लिनक्सची भीती नसेल तर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार), किंवा ब्राउझरमधून सगळं चालवता येणारं ओपनमीडियाव्हॉल्ट.

पायरी ५: मांडणी

सर्वांत आधी बायॉसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जा आणि वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होईल अशी सेटिंग करा. आपल्याकडच्या लाइटीच्या लपंडावात हे नसेल तर रोज कोणीतरी बटण दाबायला हवं. राउटर इन्व्हर्टरवर असेल तर सर्व्हरही तिथेच घ्या.

सर्व्हर राउटरला केबलने जोडा, वायफायने नको. टीव्हीचं मात्र उलटं होऊ शकतं: बऱ्याच टीव्हींचं केबलचं पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचं असतं आणि ४के ब्लू-रेची मूळ फाइल त्याच्या वर उसळू शकते. तिथे ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय बरं पडतं.

लिनक्सवर एक हमखास अडचण येते. यूएसबी डिस्क लावली, तुम्हाला फाइली दिसतात, जेलीफिनला मात्र फोल्डर रिकामं. कारण डेस्कटॉप ती डिस्क फक्त तुमच्या नावावर उघडतो आणि जेलीफिन वेगळा वापरकर्ता म्हणून चालतं. डिस्क एफएसटॅबमधून (सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची याची लिनक्सची यादी) ठरावीक ठिकाणी माउंट करा, म्हणजे जोडा, आणि जेलीफिनला वाचायची परवानगी द्या. तिथे ‘नोफेल’ हा शब्द घाला, नाहीतर डिस्क सुटली तर यंत्र सुरू होतानाच अडेल.

मग जेलीफिनच्या डॅशबोर्डमध्ये प्लेबॅकखाली ट्रान्सकोडिंग उघडून इंटेल क्विक सिंक निवडा. प्रोसेसरला जमतात तेवढ्याच प्रकारांना टिक करा. एन१०० एव्ही१ उलगडतो, तयार करत नाही. एचडीआरवाल्या (उजेड आणि रंगांचा पल्ला मोठा असलेल्या) फाइली साध्या टीव्हीवर फिक्या, राखाडी दिसू नयेत म्हणून टोन मॅपिंगही चालू करा. आता एखादी फाइल लावून डॅशबोर्डवर बघा: डायरेक्ट प्ले चाललंय की ट्रान्सकोड, आणि ट्रान्सकोड असेल तर का, हे तिथे लिहून येतं.

सिनेमांचं फोल्डर वेगळं, घरच्या व्हिडिओंचं वेगळं. सिनेमाचं नाव रोमन लिपीत, कंसात वर्ष, असं ठेवलं की पोस्टर आणि माहिती आपोआप येते; वर्ष नसेल तर त्याच नावाचा भलताच सिनेमा चिकटतो. नाटकांना हा नियम लावू नका. त्यांची नोंद बहुधा सापडत नाही आणि गंभीर नाटकावर कुठल्यातरी मारधाडपटाचं पोस्टर येऊन बसतं. त्यांची लायब्ररी ‘होम व्हिडिओ’ प्रकारची करा आणि सीडीच्या कव्हरचा फोटो काढून लावा.

मराठी सबटायटलची फाइल यूटीएफ-८मध्ये (देवनागरी अक्षरं नीट साठवणाऱ्या पद्धतीत) सेव्ह करा. व्हिडिओवर छापून आलेल्या सबटायटलमध्ये अक्षरांऐवजी चौकोन दिसले, तर सर्व्हरवर नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट टाका.

पायरी ६: घराबाहेरून बघायचं असेल तर

परदेशातल्या भावाला मुंज दाखवायची आहे? राउटरचं पोर्ट उघडायच्या (म्हणजे बाहेरच्यांना आत यायचा रस्ता करून द्यायच्या) फंदात पडू नका. एक तर ते धोक्याचं, दुसरं म्हणजे आपल्याकडचे अनेक ब्रॉडबँडवाले ग्राहकांना सीजीनॅटमागे ठेवतात, म्हणजे अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, तिथे उघडलेलं पोर्ट बाहेरून दिसतच नाही. टेलस्केल (दोन ठिकाणची यंत्रं इंटरनेटवरून खासगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर) दोन्हीकडे टाका, काम होतं. भावासाठी जेलीफिनमध्ये वेगळं खातं काढून त्याला फक्त घरच्या व्हिडिओंची लायब्ररी द्या. तुम्हीही रोज बघायला साधं खातं वापरा आणि ॲडमिनचं सेटिंगपुरतं ठेवा. रिमोट मुलांच्या हातात असतो आणि ॲडमिनच्या खात्यातून फाइल पुसताही येते.