पिस्टन आत ढकलताना हाताला काय कळतं

आयटीआय करून गॅरेजला लागलेल्या पोराला स्वतंत्रपणे मिळणारं पहिलं मोठं काम बहुतेकदा पुढचे ब्रेक पॅड बदलायचं असतं. चाक काढलं, कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचा, खालचा बोल्ट सोडून तो वर उचलला, जुने पॅड निघाले, इथवर कुणी अडत नाही. नवे घातले की मात्र कॅलिपर डिस्कवर उतरत नाही. पॅड झिजतो तसतसा त्याला मागून ढकलणारा कॅलिपरमधला पिस्टन पुढे येत राहतो, त्यामुळे जाड पॅडसाठी त्याला आत ढकलावंच लागतं.

आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघा. पिस्टन मागे गेला की कॅलिपरमधलं ऑइल या बाटलीतच परततं. कुणी मधे टॉप-अप करून ठेवलं असेल तर ते ओसंडतं, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. सिरिंजने थोडं काढून ठेवा. काम चालू असताना गाडीत कुणाला बसू देऊ नका. मालक सवयीने ब्रेक दाबतो आणि पिस्टन बाहेर पडतो.

आता जुना पॅड पिस्टनच्या तोंडावर धरून सी-क्लॅम्प सावकाश आवळा. टॉमी (लोखंडी दांडा) घालून उचकटणारे मेस्त्री पुण्यात गल्लोगल्ली आहेत. पिस्टन तिरका होतो, त्याच्यावरचा रबरी बूट (आवरण) फाटतो, पण काम 'पटकन' होतं! क्लॅम्प फिरवताना हाताकडे लक्ष ठेवा. चांगला पिस्टन एकसारख्या जोराने आत जातो. अडला तर ब्लीडिंग निपलला (कॅलिपरवरचा ऑइल-हवा काढायचा छोटा स्क्रू) नळी लावून ती बाटलीत सोडा आणि निपल जरा ढिला करा. पिस्टन लगेच सरकला, तर होज (कॅलिपरला ऑइल आणणारा रबरी पाइप) आतून बुजलेला असण्याची शक्यता जास्त. तरीही हलला नाही, तर पिस्टन गंजलाय, कॅलिपर खोलावा लागेल. क्लॅम्पचा दाब असतानाच निपल बंद करा, नाहीतर हवा शिरते.

पावसाळ्यानंतर येणाऱ्या गाड्यांत स्लाइड पिनाही, म्हणजे कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना, बघा. आतला पॅड पार संपलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक असेल तर बऱ्याचदा पिना जाम असतात. त्यांना सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं.

मागच्या चाकांना डिस्क असेल तर थांबा. हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर पिस्टन बहुधा आट्यांचा असतो, तो दाबत दाबत फिरवावा लागतो. नुसता क्लॅम्प लावला तर आतली यंत्रणा मोडते. त्याचं टूल नाना पेठेत मिळतं. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी गाडी सर्व्हिस मोडवर (ब्रेकच्या कामासाठी पार्किंग ब्रेक मोकळा ठेवणारी सेटिंग) घ्यायची.

चाक बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. पहिल्यांदा ते थेट खाली जातं. ऑइलची पातळी पुन्हा बघा, गल्लीत हळू चालवून ब्रेक तपासा. गिऱ्हाईक त्याच दिवशी सिंहगडावर निघालं असेल तर नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसेपर्यंत घाट टाळायला सांगा.