गूढ शब्दकोडं खरंच अवघड होतं की आपणच अडकलो, हे कसं ओळखायचं

मी पाचोरा-जळगाव अप-डाउन करतो. डब्यात आमचे चार-पाच जण इंग्रजी पेपरातलं गूढ कोडं (क्रिप्टिक क्रॉसवर्ड) सोडवणारे आहेत, आणि रोज एकाच कोड्यावरून भांडण. एक जण म्हणणार "सोपं शे रे भो, म्हसावद येईपर्यंत झालं बी", आणि समोरच्याचे निम्मे चौकोन अजून पांढरे. आमच्या नानांचं तर ठरलेलंच आहे, सुटलं की सोपं होतं, नाही सुटलं की बनवणाऱ्याला अक्कल नव्हती. नवीन माणूस हे ऐकतो आणि दोन दिवसांत पेन खिशात ठेवून देतो. म्हणून आधी सांगतो, दुसऱ्याच्या "सोपं होतं" वर जाऊ नका, त्याने तो माणूस कळतो, कोडं नाही कळत.

पहिलं काम वहीचं. साध्या पॉकेट डायरीचं पान पण चालेल. रोज किती वेळ लागला आणि किती क्लू राहिले एवढंच लिहा, दहा-बारा कोडी झाली की तुमची स्वतःची सरासरी निघते. तुमची सरासरी ४० मिनिटं असेल आणि आज ६० लागली तर कोडं तुमच्यासाठी जड होतं, मग नानांनी १२ मिनिटांत केलं का १५ त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय.

आता मुख्य गोष्ट, जो क्लू राहिला त्याच्यापुढे का राहिला ते लिहायचं. गूढ क्लूमध्ये दोन भाग असतात, एक सरळ अर्थ आणि एक शब्दांचा खेळ (कधी दोन्ही भाग सरळ अर्थच), आणि अर्थ बहुतेक वेळा एकदम सुरुवातीला नाहीतर एकदम शेवटी असतो. अडकायच्या जागा वेगवेगळ्या असतात, म्हणून मराठीतच मी केलेले दोन-चार घेऊन बघू, कंसातला आकडा म्हणजे उत्तरात किती अक्षरं ते.

"ती भरी तराजूमध्ये वांग्याचा प्रकार (३)". वाचताना डोळ्यासमोर बाजार येतो, बाई वांगी मोजतेय. पण "मध्ये" म्हणजे खरंच मध्ये बघायचं, ती-भरीत-राजू, उत्तर भरीत. इथे ज्ञान काहीच लागत नाही, फक्त चित्र विसरून अक्षरं बघता आली पाहिजेत. नवीन माणूस इथे हमखास फसतो आणि जुन्याला हा दोन सेकंदांत दिसतो, कारण "मध्ये", "पोटात", "आत" असे शब्द बघूनच त्याचे कान टवकारतात. तसंच "वेडंवाकडं सरकत केलेला व्यायाम (४)", "सरकत"ची अक्षरं विस्कटा, कसरत. ही अडचण महिना-दोन महिन्यांत जाते, सरावाची आहे.

दुसरी अडचण वेगळी. "जळगाव जिल्ह्यातला तालुका दिवाळीत पुजतात (३)". आपल्याकडच्या माणसाला चोपडा लगेच येणार, तालुका पण आणि व्यापाऱ्याची हिशोबाची वही पण, पण रत्नागिरीच्या माणसाला हाच क्लू डोंगर वाटेल. इंग्रजी कोड्यात आपण त्या रत्नागिरीवाल्याच्या जागी असतो, इंग्लंडमधली गावं तिथल्या लोकांना घरची, आपल्याला परकी. वहीत अशा क्लूपुढे "माहीत नव्हतं" लिहा आणि पुढे जा. यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, ते शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि पाठ होतात.

तिसरी म्हणजे डोकं भलत्याच रुळावर जाणं. "पीक पालथं पडलं, करा कष्ट (२)". नाना म्हणे केळी. उलटं केलं तर ळीके, त्याचं काय करायचं? तरी ते पाच मिनिटं केळीच धरून बसले, जळगाव जिल्ह्यातला माणूस दुसरं काय धरणार. मका होता, उलटा केला की काम. इथे क्लू अवघड नव्हता, पहिला विचार डोक्यातून जात नव्हता. अशा वेळी पेपर घडी करून ठेवा, चहा घ्या, मग परत बघा, खरंच दिसतं.

मग चौकोनांची जाळी पण बघा. बऱ्याच जणांच्या हे लक्षातच येत नाही. ब्रिटिश पद्धतीच्या १५ बाय १५ जाळीत शब्दातलं साधारण एक सोडून एक अक्षर दुसऱ्या शब्दाला छेदतं. शब्दाचं पहिलंच अक्षर छेदणारं असेल तर मोठी मदत, नसेल तर तेच क्लू जड वाटतात. चार कोपरे एकमेकांना एखाद-दुसऱ्या शब्दानेच जोडलेले असतील तर एका कोड्याऐवजी चार छोटी कोडी सोडवतोय असं समजा.

बनवणारा कोण तेही लिहा. नव्या बनवणाऱ्याचं पहिलं कोडं सगळ्यांनाच जड जातं, पाचवं तितकं जात नाही, त्याच्या खोड्या कळलेल्या असतात.

अवघड आणि अन्याय यात मात्र गल्लत करू नका. झिमेनिस या टोपणनावाने कोडी करणाऱ्या मॅकनटने १९६६ साली नियम नीट लिहून काढले, अचूक अर्थ, प्रामाणिक शब्दखेळ, आणि बाकी फालतू काही नाही. उद्या उत्तर छापून आलं की क्लू परत वाचा. "अरे हां, हे तर समोरच होतं" वाटलं तर अवघड पण चोख. उत्तर बघूनसुद्धा ते कसं आलं हे सांगता येत नसेल, आणि डब्यातल्या कोणालाच येत नसेल, तर खुशाल शिव्या घाला.

आणि दुसऱ्याला विचारायचंच असेल तर "सोपं होतं का" विचारू नका, "सगळ्यात शेवटी कोणता क्लू सुटला" असं विचारा, कारण ज्याचं पूर्ण झालं तोच मोठ्याने बोलतो, ज्याचं नाही झालं तो खिडकीबाहेर बघतो. हा प्रश्न आल्यापासून आमच्या डब्यात जरा खरं बोलायला लागलेत.

हा घ्या एक, घड्याळ लावून सोडवा आणि वेळ वहीत टाका: "गुरुजी उलटे फिरले, उन्हाळ्यात आंब्याचा हवाच (२)".