बातमी-तपासणीचा दिवस: शाळेत तो मुलांनीच कसा चालवायचा

माध्यमसाक्षरतेचा कार्यक्रम म्हटला की एक पाहुणा, एक भाषण आणि पोस्टर स्पर्धा, एवढ्यावर शाळा थांबतात. मुलं टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन आलेला फॉरवर्ड तसाच पुढे ढकलतात. तपासणी हातानं केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. म्हणून इथे दिलेली आखणी टेबलांची आहे. सहा टेबलं, प्रत्येकावर चार विद्यार्थी, आणि येणाऱ्यानं काहीतरी स्वतः तपासूनच उठायचं.

चालवणारी टीम २४ जणांची, आठवी-नववीतली. दहावीची मुलं घेऊ नका. बोर्डाच्या धास्तीनं ती सरावाला येत नाहीत. पाहुणे पाचवी ते सातवीचे, दहा-दहांचे सहा गट. प्रत्येक टेबलावर १२ मिनिटं आणि जागा बदलायला २, म्हणजे एक फेरी ८२ मिनिटांची. मधल्या सुट्टीआधी एक आणि नंतर एक, अशा दोन फेऱ्यांत १२० मुलं होतात. गट बाराच्या वर गेला की मागची मुलं नुसती डोकावत राहतात, त्यांच्या हाती काही लागत नाही.

युनेस्कोचा माध्यम आणि माहिती साक्षरता सप्ताह दरवर्षी २४ ते ३१ ऑक्टोबरला असतो. पण त्या दिवसांची गाठ अनेकदा दिवाळीच्या सुट्टीशी पडते, आणि सुट्टी नसली तरी मुलांचं मन दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या सांगाड्यात असतं. गोव्यात जुलैचा शेवट किंवा चतुर्थीच्या आधीचा आठवडा बरा. पावसाळ्यात पुराचे, धरणाचे, शाळेच्या सुट्टीचे फॉरवर्ड सतत फिरत असतात, त्यामुळे खरा माल आयता मिळतो. वीज जाईल हे मात्र धरूनच चाला.

कार्डं: सगळा कार्यक्रम इथे ठरतो

चार आठवडे हातात ठेवा. पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांची परवानगी, शिक्षक-पालक संघाला पत्र आणि टीमची निवड. दुसऱ्या आठवड्यात मुलांनी घरच्यांना विचारून त्यांच्या फोनवर आलेले फॉरवर्ड गोळा करायचे. शाळेत आणण्याआधीच पाठवणाऱ्याचं नाव, नंबर आणि ग्रुपचं नाव झाकायचं. गोळा झालेल्यांतून १२ निवडून ए-फोर कागदावर छापा. हीच टेबलांवरची कार्डं.

या बारांपैकी सहा खरे हवेत. बहुतेक ठिकाणी चूक होते ती इथेच. सगळी कार्डं खोटी असली की तिसऱ्या टेबलापर्यंत मुलं वाचायचं सोडून ‘खोटं, खोटं’ ओरडू लागतात आणि बरोबरही ठरतात. मग घरी जाऊन ती हवामान खात्याच्या खऱ्या रेड अलर्टलाही खोटं म्हणतात. सगळ्यावर अविश्वास दाखवणाऱ्याला तपासता येतं असं होत नाही. त्यानं फक्त आळसाची दिशा बदललेली असते. खरी कार्डंही थोडी अविश्वसनीय वाटणारी निवडा, आणि एक-दोन अर्धी-अर्धी ठेवा. उदाहरणार्थ, गोव्यातलं साळावली धरण भरून वाहू लागल्याची बातमी खरी, पण सोबतचा फोटो दुसऱ्याच वर्षीचा. असं कार्ड खोट्यांत मोजा, कारण फोटो फसवतो. पण त्यात नेमकं काय खरं आणि काय खोटं हे मुलांकडून वेगळं करून घ्या.

तिसरा आठवडा पुराव्याचा. प्रत्येक कार्डाच्या मागे दोन स्वतंत्र स्रोत, तपासल्याची तारीख आणि तपासणाऱ्या दोघांच्या सह्या. ‘स्वतंत्र’ म्हणजे काय ते मुलांना नीट समजावा. दोन वर्तमानपत्रांनी पीटीआय या वृत्तसंस्थेची एकच बातमी छापली असेल किंवा एकच सरकारी प्रसिद्धीपत्रक उतरवलं असेल, तर तो एक स्रोत झाला, दोन नव्हे. पीआयबी फॅक्ट चेक, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचा तपासणी विभाग, फक्त केंद्र सरकारशी संबंधित दावे तपासतं. गोवा सरकारच्या नावानं फिरणाऱ्या पत्राचं उत्तर तिथे शोधत बसू नका. मुदतीत पुरावा मिळाला नाही ते कार्ड बाद.

धार्मिक तेढीचे आणि उमेदवारांविषयीचे फॉरवर्ड टाळा. एका तक्रारीनं सगळा कार्यक्रम बंद पडतो. याचा अर्थ निरुपद्रवी कोडी ठेवा असा नाही. घरगुती औषधांचे दावे, नोकरभरतीच्या खोट्या जाहिराती, लॉटरी, बँकेच्या नावानं येणाऱ्या लिंक यांत घराघरांतले पैसे आणि तब्येत गुंतलेली असते. ते ठेवाच.

टेबलं

फोटोच्या टेबलावर गूगल लेन्स आणि टिनआय, फोटो देऊन तो आणखी कुठे आहे ते शोधणारी साधनं. लेन्स दिसण्यात सारखे फोटो आधी दाखवतं, जुने आधी नाही. टिनआयमध्ये सगळ्यात जुना आधी असा क्रम लावता येतो. फोटोवर मजकूर लिहिलेला असेल तर तो कापून मगच शोधा. काही सापडलं नाही म्हणजे फोटो नवा, असा निष्कर्ष काढू द्यायचा नाही. फोटो उलटा फिरवला असेल, आरशात दिसतो तसा, तर शोध चुकू शकतो. गोव्यातल्या सत्तरी-सांगे तालुक्यांच्या आतल्या भागांत नेटवर्क ऐन वेळी दगा देतं, तेव्हा प्रत्येक शोधाचे स्क्रीनशॉट आधीच छापून ठेवा. मुलांचे फोन शाळेत चालत नसतील तर कॉम्प्युटर लॅबमधले दोन-तीन लॅपटॉप आदल्या रात्री चार्ज करा.

परिपत्रकाच्या टेबलावर मुसळधार पावसातलं ‘उद्या शाळांना सुट्टी’ हे पत्र. हवामान खात्याचा इशारा आणि सुट्टीचा आदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुट्टी शिक्षण खातं जाहीर करतं. मुलांनी जावक क्रमांक, तारीख, सही, आदेश कोणत्या भागापुरता आहे ते पाहायचं आणि मग तोच आदेश खात्याच्या संकेतस्थळावर किंवा मुख्याध्यापकांकडे आहे का ते विचारायचं. जुनं खरं पत्र नुसती तारीख बदलून फिरतं, म्हणून सही-शिक्का खरा दिसण्यावर भिस्त ठेवता येत नाही. सरावाचं पत्र काल्पनिक शाळेच्या नावानं करा आणि ‘सरावासाठी’ ही अक्षरं मजकुराच्या मधोमध आडवी छापा. कोपऱ्यात छापली तर कुणीतरी ती कापून पत्र खरं म्हणून पाठवेल.

व्हॉट्सॲपची दुहेरी बाणाची खूण याच टेबलावर समजावा. संदेश किमान पाच फॉरवर्ड ओलांडून आला एवढंच ती सांगते. खरा संदेशही लांब फिरतो, आणि मजकूर कॉपी करून चिकटवला की खूण उरत नाही.

वर्तमानपत्रांच्या टेबलाला वीज लागत नाही, आणि आमच्या मते सर्वांत जास्त शिकवतं तेच. एकाच दिवसाचे गोमन्तक, तरुण भारत, नवप्रभा, हेराल्ड आणि नवहिंद टाइम्स घ्या. एकच बातमी पाचही ठिकाणी शोधून लाल पेननं खुणा करायच्या: कितव्या पानावर, मथळ्यात कोण, कोणाचं म्हणणं आहे आणि कोणाचं नाही. गोवा-कर्नाटकातल्या म्हादई नदीच्या पाणीवादाची बातमी मिळाली तर तरुण भारतचा बेळगाव आणि गोवा असे दोन्ही अंक शेजारी ठेवा. बातमीसारख्या दिसणाऱ्या जाहिरातीवरची बारीक अक्षरंही शोधायला लावा.

चौथं टेबल बनावट आवाज आणि व्हिडिओचं. बोटं मोजा, डोळे बघा, हे नियम आता जुने झाले, ते शिकवू नका. त्याऐवजी, घरच्या कुणाच्या आवाजात पैसे मागणारा फोन आला तर तो ठेवून आपल्याकडच्या नंबरवर स्वतः फोन करायचा, एवढी एकच गोष्ट अभिनयातून दोनदा करून घ्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवायचं. पाचवं टेबल इन्फ्लुएन्सरच्या सशुल्क शिफारशींचं; तिथे पैसे घेतल्याचं लेबल शोधणं पुरे.

सहाव्या टेबलावर घरच्यांशी बोलण्याचा सराव, आणि तो मराठीत-कोंकणीत, मूल घरी जे बोलतं त्यात. ‘काका, तुम्ही खोटं पाठवलंत’ असं ग्रुपवर लिहिलं की काका पुन्हा ऐकत नाहीत. वेगळा मेसेज करायचा, ‘काका, हा फोटो मला जुना मिळाला, बघा ना,’ आणि सोबत पुरावा द्यायचा. काका झालेल्या मुलानं थोडं चिडून दाखवायचं, नाहीतर सराव फुकट.

काय बिघडतं

दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि भाषणांत पहिली फेरी वाहून जाते. भागशिक्षणाधिकारी किंवा सरपंच येणार असतील तर त्यांना थेट टेबलावर बसवून एक कार्ड तपासायला द्या. मूल अडखळलं की शिक्षक उत्तर देतात. म्हणून सर आणि टीचर टेबलापासून लांब, फक्त वेळ पाहायला. लॅपटॉप मुलांकडे आणि सजावट मुलींकडे अशी वाटणी आपोआप होते, तर दुसऱ्या फेरीत कामांची सक्तीनं अदलाबदल करा. खोटा दावा मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला की तोच लक्षात राहतो. भिंतीवर खरी माहिती लावा, दावा कार्डावरच राहू दे.

उपयोग झाला का

सहा दाव्यांची चाचणी आधी, लगेच नंतर आणि तीन आठवड्यांनी घ्या. तीन खरे, तीन खोटे, दर वेळी नवे. एकूण गुण लिहू नका. खऱ्याला खरं किती जणांनी म्हटलं आणि खोट्याला खोटं किती जणांनी, असे दोन वेगळे रकाने ठेवा. दुसरा वाढला आणि पहिला घसरला, तर पुढच्या वेळी खरी कार्डं वाढवा.

संपल्यावर सरावाची पत्रं त्याच दिवशी फाडून टाका. पुराव्यांची वही आणि दोन रकान्यांचा तक्ता आठवीच्या मुलांकडे द्या. पुढच्या वर्षीची कार्डं निवडताना त्यांना तो लागेल.